इसबावर चिनी वैद्यकाचे उपचार: चूर्ण, धुण्याचा काढा आणि बिनलेबलचं मलम, काय घ्यावं आणि काय टाळावं?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. माहिती एका नातेवाईक बाईंसाठी हवी आहे. वय 36, राहणार वाघोली (पुण्याजवळ). दोन्ही कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे, मानेवर आणि पापण्यांवर चार वर्षांपासून इसब. लहानपणी काहीच नव्हतं, दमाही नाही. मोमेटासोनचं (स्टिरॉइड) मलम लावलं की बसतो, सोडलं की तीन आठवड्यांत परत उठतो. सध्या उजव्या कोपरात लस येते आहे. डाव्या कोपरात मात्र कातडी जाड, कोरडी, रेघा पडलेली.

चिनी पद्धतीच्या एका उपचारकांनी असं लिहून दिलं आहे: शियाव फेंग सान या मिश्रणाचं दाणेदार चूर्ण 6 ग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन महिने. रानशेवंतीच्या काढ्याने रोज धुणं. शिवाय पांढऱ्या डबीतलं एक मलम, त्यावर नाव-गाव काहीच नाही. रक्ततपासणी सांगितलेली नाही.

चिनी वैद्यकात इसबाकडे कसं बघतात, ही चिठ्ठी त्यात बसते का, आणि घरी धुणं-पट्ट्या नेमक्या कशा करायच्या? जाणकारांनी कृपया मापासकट सांगावं.

---

बोहरी आळी

चिनी भाषेत इसबाला 'शी झेन' म्हणतात. शब्दशः अर्थ ओलीचं पुरळ. त्यामुळे पहिला प्रश्न असतो तो ओलीचा: ती किती आहे, आणि तिच्याबरोबर उष्णता आहे की कोरडेपणा. ढोबळ तीन गट पडतात.

पहिला, ओल आणि उष्णता. अचानक उठतो, लाल, गरम, बारीक फोड, पिवळसर लस, खाज असह्य. जीभ लाल, वर पिवळा चिकट थर. दुसरा, पचन मंद होऊन साचलेली ओल. पुरळ फिकट, लस पातळ, पोट जड, शौचाला पातळ, जिभेच्या कडांना दातांचे ठसे. तिसरा, रक्त कमी पडून आलेला कोरडेपणा आणि वारा. हा जुना इसब: कातडी जाड, कोंडा सुटतो, रात्री खाज वाढते, जीभ फिकट.

हे वाचून लगेच वात-पित्त-कफाशी जोड्या लावू नका. त्यांचा 'वारा' म्हणजे बाहेरून येणारं, जागा बदलणारं, खाज आणणारं कारण. आपल्या वाताशी तो काही ठिकाणी जुळतो, काही ठिकाणी अजिबात नाही, आणि तिथेच औषध चुकतं.

जीभ दाखवायला जाताना हळदीचं दूध, कॉफी, बीट, पान यांतलं काही खाल्लं-प्यायलेलं नसावं, आणि त्या सकाळी जीभ खरवडू नये. हळदीने पिवळी झालेली जीभ 'उष्णता' म्हणून वाचली जाते आणि थंड, कडू औषधं वाढतात.

आता चिठ्ठी. शियाव फेंग सान हे चेन शिगोंग यांच्या 1617 च्या शल्यग्रंथातलं मिश्रण. द्रव्यं तेरा. त्यांचे गट लक्षात घेतले की त्याचा स्वभाव कळतो. वारा घालवणारी चार: जिंग ज्ये, फांग फेंग, न्यू बांग झ आणि सिकाडा किड्याची कात. ओल सुकवणारी तीन: त्सांग जू, कू शेन, मू थोंग. उष्णता उतरवणारी दोन: जिप्सम आणि झी मू. रक्ताला ओलावा देणारी तीन: दांग ग्वेई, कच्चं दी हुआंग आणि तीळ. शेवटी ज्येष्ठमध. काढ्याच्या आजच्या प्रमाणात बहुतेक द्रव्यं 6-6 ग्रॅम, मू थोंग आणि ज्येष्ठमध 3-3 ग्रॅम, हे एका दिवसाचं.

म्हणजे हे मिश्रण लाल, खाजऱ्या, थोड्या ओल्या इसबाचं आहे. उजव्या कोपराला ते शोभतं. डाव्या कोपराच्या जाड, कोरड्या कातडीला तीन महिने त्सांग जू आणि कू शेन दिलं तर ती आणखी सुकेल, भेगा पडतील. अशा वेळी लस थांबली की साधारण दहा-चौदा दिवसांत ही सुकवणारी द्रव्यं कमी करून दी हुआंग आणि दांग ग्वेई वाढवतात, किंवा मिश्रणच बदलून दांग ग्वेई यिन झ देतात. एकच चिठ्ठी तीन महिने चालवणं हे चिनी वैद्यकाच्याच शिस्तीत बसत नाही. रुग्णाला दर एक-दोन आठवड्यांनी बघून चिठ्ठी बदलावी लागते. चार वर्षं जुन्या इसबात ही हेळसांड फार महागात पडते, म्हणून एवढं ठासून सांगतो आहे.

दाणेदार चूर्ण म्हणजे काढा आटवून केलेला अर्क. बऱ्याच उत्पादनांत 1 ग्रॅम दाणे म्हणजे अंदाजे 5 ग्रॅम सुकी वनस्पती. पाकिटावर हे गुणोत्तर छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर 6 ग्रॅम दोनदा म्हणजे नेमकं किती औषध पोटात गेलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

---

मुळाकाठ

फार उपयोगी. सुटी द्रव्यं आणून काढा करायचा झाला तर आपल्या नेहमीच्या काढ्यासारखाच एक अष्टमांश उरेपर्यंत आटवायचा का?

---

बोहरी आळी

नाही. मातीचं, काचेचं किंवा स्टीलचं भांडं घ्या. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम नको. द्रव्यं गार पाण्यात अर्धा तास भिजवायची, पाणी वर दोन बोटं राहील इतकं. जिप्सम कुटून आधी एकटं 20 मिनिटं उकळायचं, कारण ते पाण्यात फार हळू उतरतं. मग बाकीची घालून उकळी आली की मंद आचेवर 15-20 मिनिटं. जिंग ज्ये शेवटच्या 5 मिनिटांत. त्याचं काम सुगंधी तेलावर चालतं आणि जास्त उकळलं की तेल उडून जातं. गाळून घ्या, त्याच चोथ्यात कमी पाणी घालून पुन्हा 15 मिनिटं. दोन्ही एकत्र करून सुमारे 400 मिली व्हायला हवं. निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी, जेवणानंतर, कारण कू शेन अतिशय कडू आहे आणि रिकाम्या पोटी मळमळतं. उरलेला काढा दुसऱ्या दिवसावर नेऊ नका. कुकरच्या शिट्ट्या काढून हा काढा होत नाही.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर सिकाडाच्या कातीबद्दल आधी बोला. तिळाची असेल तर तिळाबद्दल.

---

निवडुंग

बाहेरच्या उपचाराबद्दल मी लिहिते. नियम सोपा आहे: ओल्या जागेला पाणी, कोरड्या जागेला तेल-मेण. लस येणाऱ्या कोपराला मलम थापलं की लस आत कोंडते, आणि सुकलेल्या कोपराला पट्ट्या ठेवत राहिलं की भेगा पडतात. या बाईंच्या दोन कोपरांना दोन वेगळे उपचार लागतील.

ओल्या कोपरासाठी चिनी त्वचा विभागांत सगळ्यात जास्त वापरली जाणारी वनस्पती म्हणजे मा छी श्येन. ती आपली घोळच. मंडईत भाजी म्हणून मिळते तीच. सुकी असेल तर 60 ग्रॅम, 2 लिटर पाणी, उकळी आल्यावर 15-20 मिनिटं. ओली असेल तर अंदाजे चौपट वजन, तीन पाण्यांनी धुऊन, कारण मुळाशी माती असते आणि फवारणीही झालेली असू शकते. गाळून पूर्ण गार होऊ द्या. फ्रीजमध्ये ठेवून किंचित थंड केलं तरी चालेल, बर्फ नको.

निवडताना एक बघाच. घोळीचा देठ जाड, रसाळ, लालसर असतो, पान मांसल, टोकाला गोल. देठ मोडल्यावर स्वच्छ पाण्यासारखा रस यायला हवा. पांढरा चीक आला तर ते दुधी नावाचं तण आहे. ते घोळीच्या शेजारीच जमिनीलगत पसरतं आणि जुडीत येऊ शकतं. तो चीक इसबावर लागला तर आग होईल.

पट्टीसाठी जुनं धुतलेलं मलमल किंवा सुती पातळ, 6 ते 8 पदरी घडी. काढ्यात बुडवून पिळा, इतकं की थेंब टपकणार नाही पण हाताला ओलं लागेल. लवणीत बसवा, दर 5 मिनिटांनी पुन्हा बुडवून पिळून ठेवा. एकूण 20 मिनिटं, दिवसातून 2-3 वेळा. उघडीच ठेवायची. काम वाफेने होतं: पाणी उडताना जागा थंड होते, रक्तवाहिन्या आकसतात, लस आणि खपली कापडात उतरते. वरून प्लॅस्टिक गुंडाळलं की वाफच थांबते, कातडी पांढरी पडून कुजते. लोक इथेच चुकतात, कपडे ओले होऊ नयेत म्हणून.

लस थांबली, जागा गुळगुळीत झाली की पट्ट्या बंद. बहुधा 3 ते 5 दिवस पुरतात. त्यापुढे लस चालूच असेल, पिवळी खपली मधासारखी जमत असेल, तर जंतुसंसर्ग आहे आणि त्याला डॉक्टरच हवेत.

डाव्या, जाड कोपराला पट्टी नाही. कोमट पाण्याने 5-10 मिनिटांत आंघोळ, टिपून घ्या, अंग दमट असतानाच बिनवासाचा घट्ट मॉइश्चरायझर. सर्वांगाला प्रौढाला आठवड्याला 250 ग्रॅमपेक्षा कमी पुरत नाही. मेडिकलमधली 50 ग्रॅमची ट्यूब महिनाभर चालली, तर औषध लावलंच गेलं नाही असं समजा. डिसेंबर ते फेब्रुवारी पुण्याची हवा इतकी कोरडी असते की या दिवसांत दिवसातून तीनदा लावावं लागतं.

---

मुळाकाठ

धन्यवाद ताई. धुण्याच्या काढ्यांमध्ये हुआंग बाई वाचलं. रविवार पेठेत ते मिळालं नाही, त्याऐवजी दारुहळद चालेल असं दुकानदार म्हणाले. आणि नीळ?

---

निवडुंग

हुआंग बाई ही फेलोडेंड्रॉनची साल. तिच्यात बर्बेरीन असतं आणि दारुहळदीतही असतं, म्हणून पिवळा रंग आणि कडूपणा सारखा. पण झाडं वेगळी, बाकीची द्रव्यं वेगळी, तेव्हा ग्रॅमला ग्रॅम अदलाबदल करू नका. घोळ एकटी पुरेशी आहे. नवजात बाळासाठी बर्बेरीनवालं काहीही नको, कावीळ वाढू शकते.

नीळ, म्हणजे चिनी छिंग दाई, औषधी प्रतीची असते. कपड्यांची किंवा रंगाऱ्याची नीळ कातडीवर लावायची नाही.

---

ओपीडी क्र. 7

पांढऱ्या डबीबद्दल अजून कुणी बोललं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. ती आजच बाजूला ठेवा.

लंडनच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये इसबासाठी दिलेली 11 चिनी 'वनस्पती' मलमं तपासली. 8 मध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड निघालं. 2003 मध्ये बर्मिंगहॅममध्ये मुलांना दिलेली 24 मलमं तपासली, 20 मध्ये स्टिरॉइड होतं, काहींत तर क्लोबेटासोल. क्लोबेटासोल हे सगळ्यात जहाल गटातलं. इथे ते पापण्यांवर आणि मानेवर लागणार आहे. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ. तिथे असं मलम महिनोन्‌महिने गेलं तर काचबिंदूपर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

ओळखायचं कसं? वनस्पतीचं मलम चार वर्षांचा इसब दोन-तीन दिवसांत पुसून टाकत नाही. तसं झालं, आणि सोडल्यावर आठवड्यात आधीपेक्षा जास्त भडकलं, तर स्टिरॉइडचा दाट संशय घ्या. पुढे कातडी चकचकीत पातळ, बारीक लाल शिरा, बारीक लव वाढणं, लवणीत जांभळट रेघा. डबी फेकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची तर नमुना लागतो. आधीच काही आठवडे लावलं असेल तर एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडून उतरत्या क्रमाने थांबवा.

आणखी एक. गजकर्णावर स्टिरॉइड लागलं की त्याची गोल कडा पुसली जाते आणि ते इसबासारखं दिसू लागतं. कोपरातली कातडी खरवडून केओएच (बुरशीची) तपासणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आता पोटातलं औषध. तीन नावं लिहून ठेवा. मू थोंग: या नावाखाली पूर्वी ॲरिस्टोलोकिया जातीची वेल विकली जायची, तिच्यातलं ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही करतं. 1999 मध्ये ब्रिटनमधून असे दोन रुग्ण नोंदले गेले, दोघेही इसबासाठीच चिनी काढा घेत होते. चीनने 2003 मध्ये ही जात बाद केली. पाकिटावर नुसतं 'मू थोंग' असेल तर परत करा, अकेबिया किंवा क्लेमॅटिस असं वनस्पतीचं नाव हवं. दुसरं बाई श्येन फी, म्हणजे डिक्टॅम्नसच्या मुळाची साल. तिसरं 'हे शौ वू', जे वर उल्लेख आलेल्या दांग ग्वेई यिन झ मध्ये असतं. या दोन्हींमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत.

म्हणून औषध सुरू करण्याआधी एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन (यकृतासाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवी. पुन्हा दोन ते चार आठवड्यांनी, मग दर महिन्याला. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेली, उजव्या बरगडीखाली दुखतंय, यांतलं काही झालं की त्याच दिवशी औषध बंद. मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू असेल तर हे मिश्रण नकोच. वॉरफेरिनवर (रक्त पातळ करणारं औषध) दांग ग्वेई नको. रक्तदाब असेल तर ज्येष्ठमधाकडे लक्ष द्या, दाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. गरोदरपणात नाही.

मोमेटासोन अर्धवट सोडू नका. बोटाच्या पहिल्या पेरावर निघालेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदाच. पापण्यांवर ते नको, तिथे डॉक्टर टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं मलम) देतात.

---

चित्रावळ

पुराव्याचं काय? एवढं सांभाळून घ्यायचं तर फायदा किती, ते कुणी सांगेल का?

---

बोहरी आळी

योग्य प्रश्न. 1992 मध्ये लंडनमध्ये दहा वनस्पतींच्या एका ठरावीक मिश्रणाच्या चाचण्या झाल्या, मुलांवर आणि प्रौढांवर वेगवेगळ्या, खोट्या (औषध नसलेल्या) काढ्याशी तुलना करून. लाली आणि खाज स्पष्ट कमी झाली. त्या दहांत आपला सराटा, म्हणजे गोखरू, होता आणि ज्येष्ठमधही. पण हाँगकाँगमध्ये 1999 मध्ये तेच मिश्रण तपासलं तेव्हा खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. 2007 मध्ये हाँगकाँगमध्येच पाच वनस्पतींच्या कॅप्सूल 85 मुलांना 12 आठवडे दिल्या. इसबाच्या मोजणीत खोट्या कॅप्सूलपेक्षा ठोस फरक नाही, पण स्टिरॉइड मलमाचा वापर सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि मुलांचं रोजचं जगणं सुधारलं. 2013 च्या कॉक्रन आढाव्यात (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारा अभ्यास) 28 चाचण्या, 2306 रुग्ण. निष्कर्ष: चाचण्यांचा दर्जा कमी, ठाम काही म्हणता येत नाही.

माझं मत: नेहमीच्या उपचाराच्या जोडीला, ठरावीक मुदतीसाठी, रक्ततपासणीसह. आठ आठवड्यांत खाज आणि झोप यांत फरक दिसला नाही तर थांबावं.

---

पर्वती पायथा

तुमचा पहिला परिच्छेद मी पुन्हा वाचला. वय 36, सुरुवात बत्तिसाव्या वर्षी, लहानपणी काही नाही, दमा नाही. जागा: पापण्या, मान, कोपर-गुडघ्यांच्या लवणी. राहणार वाघोली, जिथे मोकळ्या प्लॉटांवर कमरेएवढं गाजर गवत उभं असतं. हा अटॉपिक (अंगच्या ॲलर्जीच्या प्रवृत्तीचा) इसब नसून गाजर गवताचा, हवेतून येणारा संपर्कजन्य इसब असू शकतो. दोन्ही अगदी सारखे दिसतात. या तणाची भारतातली सुरुवातीची ठळक नोंद 1950 च्या दशकात पुण्यातलीच आहे आणि इथल्या त्वचारोगतज्ज्ञांना हा आजार चांगला माहीत आहे. पावसाळ्यात गवत फुललं की वाढतो का, गावाबाहेर गेल्यावर उतरतो का, हे विचारा. कानामागचा भाग आणि हनुवटीखालचा भागही बघा: नुसता उन्हाचा त्रास असेल तर या झाकलेल्या जागा सुटतात, हवेतून येणाऱ्यात सुटत नाहीत.

याचा चिनी चिठ्ठीशी थेट संबंध आहे. गाजर गवत सूर्यफुलाच्या कुळातलं. शेवंती त्याच कुळातली, आणि गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या अनेकांना शेवंतीचीही असते. म्हणजे रानशेवंतीच्या काढ्याने रोज धुणं हे त्यांच्यासाठी आगीत तेल. शियाव फेंग सानमधलं न्यू बांग झ आणि त्सांग जू ही दोन्हीही त्याच कुळातली. मोक्सा, म्हणजे अंगाजवळ जाळतात ती वात, दवण्याच्या जातभाईची, तेच कूळ, आणि तिचा धूर थेट चेहऱ्यावर येतो. घोळ, कू शेन आणि हुआंग बाई मात्र या कुळातली नाहीत, त्यामुळे निवडुंगताईंची पट्टी चालेल.

---

ओपीडी क्र. 7

हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पूर्ण सहमत. आधी पॅच टेस्ट (पाठीवर पट्ट्या लावून कशाची ॲलर्जी आहे ते बघणं), मग बाकी सगळं.

---

मुळाकाठ

पावसाळ्यात वाढतो हे खरंच आहे, आत्ताच विचारून घेतलं. रानशेवंतीचं धुणं आणि डबी दोन्ही बंद केली. चूर्णही टेस्ट होईपर्यंत थांबवलं. तोवर खाजेसाठी सुया किंवा दाब देऊन काही होतं का?

---

निवडुंग

सुयांसाठी महाराष्ट्र अॅक्युपंक्चर परिषदेची नोंदणी असलेली व्यक्तीच बघा. एकदाच वापरायच्या सुया, पाकीट समोर फोडायचं. लस येणाऱ्या कातडीत सुई नाही.

घरी करायचा तर छू छी बिंदूचा दाब. कोपर काटकोनात वाकवा. लवणीची घडी बाहेरच्या बाजूला जिथे संपते, ते टोक आणि कोपराचं बाहेरचं हाड यांच्या मधोमध खळगा लागतो. दाबल्यावर खोल, बोथट दुखतं, तीच जागा. इसब आतल्या लवणीत असतो, बिंदू बाहेर, त्यामुळे निरोगी कातडीवर दाब देता येतो. शिकागोच्या एका छोट्या चाचणीत, 15 प्रौढांमध्ये, याच बिंदूवर बारीक मणी ठेवून 3 मिनिटं, आठवड्यातून 3 वेळा, 4 आठवडे दाब दिला होता. खाज आणि जाडी कमी झाली. चाचणी फार लहान आहे, पण धोका जवळजवळ नाही. मण्याऐवजी मोहरीचा दाणा कागदी चिकटपट्टीखाली ठेवता येतो. काम झालं की पट्टी काढा, चिकट पदार्थानेही पुरळ येतं.

दुसरा बिंदू श्वे हाई. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या, आतल्या कोपऱ्यापासून स्वतःच्या अंगठ्याच्या दोन रुंदींइतकं वर.

---

पर्वती पायथा

पॅच टेस्टची तयारी सांगतो. भारतीय प्रमाणित संचात गाजर गवत असतं, तरी वेळ घेताना विचारून घ्या आणि शेवंतीही लावायला सांगा. पाठीवर आठवडाभर आधीपासून कसलंही स्टिरॉइड मलम नको. स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी कळवा, चाचणी खोटी नकारार्थी येते. पट्ट्या 48 तास पाठीवर राहतात, त्या दोन दिवसांत पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. पहिलं वाचन 48 तासांनी, दुसरं 72 किंवा 96 तासांनी. दुसऱ्याला गेलंच पाहिजे, काही प्रतिक्रिया तेव्हाच उठतात. सोमवारी लावली तर बुधवार आणि शुक्रवार मोकळा ठेवा.

तोवर गवत उपटायला स्वतः जाऊ नये. सोसायटीने फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, ओल्या मातीत मुळासकट काढून घ्यावं. जाळू नये, धुराबरोबर वाळलेल्या गवताचा भुगा उडतो. कपडे गच्चीवर वाळत न घालता घरात वाळवावेत.